शाळेच्या वर्षअखेरचा वृत्तांत

आंब्याला पाड लागू लागला, की आपल्याकडील प्राथमिक शाळांचे वर्ष सरत आले असे समजावे. जूनच्या मध्यावर, आणि विदर्भात तेथील कडक उन्हामुळे थोड्या उशिराने, सुरू झालेले हे वर्ष दोन सत्रे, दिवाळीची सुट्टी, सहल, स्नेहसंमेलन आणि क्रीडास्पर्धा असे मुक्काम करीत एप्रिलमधील परीक्षेपाशी येऊन ठेपते. आणि १ मे रोजी, महाराष्ट्र दिनाचे झेंडावंदन आटोपल्यावर, बहुतेक मराठी शाळांतून मुलांच्या हाती प्रगतिपुस्तक पडते. मुलाच्या दृष्टीने हा दिवस केवढा मोठा असतो, हे आपणांपैकी प्रत्येकाने केव्हा ना केव्हा अनुभविलेले आहे.

याच सुमारास शाळाही आपले वर्षाचे वृत्त समाजापुढे मांडीत असते. कोठे छापील अहवाल निघतो, कोठे मुख्याध्यापक संमेलनाच्या व्यासपीठावरून तो वाचून दाखवितात, कोठे दाराशी लावलेल्या फलकावर तो लिहिला जातो. हल्ली भ्रमणध्वनीवरून छायाचित्रांचा वर्षावही होतो. या वृत्तांताचा साचा आपल्या चांगला परिचयाचा आहे. प्रथम पाहुण्यांचे आभार, मग देणगीदारांची नावे, मग इमारतीला दिलेला रंग व नवीन बाके. त्यानंतर शिष्यवृत्ती मिळविणारी मुले, प्रत्येक इयत्तेतील पहिले तीन क्रमांक, धावण्याच्या आणि वक्तृत्वाच्या स्पर्धांतील विजेते. शाळेत तीनशे मुले असली, तर या यादीत पंधरा-वीस नावे येतात. उरलेली दोनशे ऐंशी मुले ‘विद्यार्थ्यांनी सर्व उपक्रमांत उत्स्फूर्तपणे भाग घेतला’ या एका वाक्यात बसविली जातात.

आज मला बोलावयाचे आहे ते या एका वाक्याविषयी. वर्षभरात त्या दोनशे ऐंशी मुलांनी नेमके काय केले, ती काय शिकली, कोठे अडली आणि कशी पुढे सरकली, हे सांगणे हाच शाळेच्या वार्षिक वृत्तांताचा खरा विषय होय, असे माझे मत आहे. ते का, एवढे आपणांपुढे मांडतो.

प्रथम थोडे मागे वळून पाहू. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. पुढे त्यांच्या शाळांची संख्या वाढली आणि तेथील परीक्षा व बक्षीस-समारंभ पाहावयास पुण्यातील लोक जमू लागले. अशाच एका समारंभात एका मुलीने, आम्हांस खेळणी किंवा खाऊ नको, आमच्या शाळेला ग्रंथालय हवे, अशी मागणी पाहुण्यांपाशी केल्याची हकीकत सर्वश्रुत आहे. फुले यांच्याच शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मुलीने मांग व महार लोकांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला, आणि १८५५ साली तो ‘ज्ञानोदय’ पत्रात छापून आला. आज पावणेदोनशे वर्षांनंतर त्या शाळेत कोणाचा पहिला क्रमांक आला होता, गणितात कोणास किती गुण मिळाले होते, हे कोणी विचारीत नाही. एका मुलीने ग्रंथालय मागितले आणि दुसरीने आपल्या समाजाचे दुःख स्वतःच्या शब्दांत लिहिले, एवढे मात्र आपण विसरलो नाही. शाळेच्या कोणत्या बातम्या टिकतात, याचे एवढे बोलके उदाहरण मला दुसरे आढळत नाही.

त्यानंतरच्या काळात शाळेत कोण येणार, हा प्रश्नच बदलून गेला. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग आरंभिला आणि १९०६ साली तो साऱ्या संस्थानास लागू केला. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. ज्या घरात पूर्वी कधी पाटी आलेली नव्हती, त्या घरातील मूल शाळेच्या पायरीशी येऊन उभे राहिले. पुढे १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलामुलीस मोफत शिक्षणाचा हक्कच मिळाला. शाळा अशी सर्वांची झाली. परंतु तिचा वृत्तांत मात्र अजून मूठभरांचाच राहिला आहे. ज्या काळी निवडक मुलेच शिकत होती, त्या काळची ही रीत आपण बदलावयास विसरलो, असे म्हणावे लागते.

येथे कोणी म्हणेल, की चढाओढ असल्यावाचून मुले अभ्यास करीत नाहीत. बक्षिसे बंद केली तर गुणी मुलाचे कौतुक कसे व्हावयाचे? हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. गुणाचे कौतुक झालेच पाहिजे, आणि धावण्याच्या शर्यतीत पहिला आलेला मुलगा पहिलाच आहे. पण तिसरीच्या वर्गातील दुसरा आणि सातवा यांच्यात पुष्कळदा चार-सहा गुणांचे अंतर असते, आणि ते चार गुण एखाद्या दिवशीच्या तापामुळे किंवा घाईत सुटलेल्या एका उदाहरणामुळेही गेलेले असू शकतात. दुसरा आलेला व्यासपीठावर जातो आणि सातवा टाळ्या वाजवितो. सातव्याला आपण काय चांगले केले, हे कोणी सांगतच नाही. आणि पस्तिसाव्याला तर आपण चांगले असे काही करू शकतो, याचाच हळूहळू विसर पडतो. आठ वर्षांच्या मुलाच्या मनात स्वतःविषयीचे असे मत एकदा घर करून बसले, म्हणजे ते काढून टाकण्यास पुढे फार वर्षे लागतात.

वस्तुतः ही गोष्ट आपल्या शिक्षणतज्ज्ञांनी फार पूर्वी ओळखली होती. भावनगर येथे गिजुभाई बधेका यांनी १९२० साली बालमंदिर सुरू केले. पुढे ताराबाई मोडक त्यांच्या कार्यात सामील झाल्या आणि १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील बोर्डी या गावी त्यांनी खेड्यातील मुलांसाठी काम उभारले. अनुताई वाघ तेथेच त्यांना येऊन मिळाल्या. मुलाकडे नीट पाहणे हे शिक्षकाचे पहिले काम, ही या मंडळींची श्रद्धा होती. मूल काय हाताळते, कशापाशी रमते, कोठे कंटाळते, याची नोंद ठेवावी आणि त्याप्रमाणे पुढचे पाऊल टाकावे, अशी त्यांची पद्धत.

महाराष्ट्रात २०१० पासून प्राथमिक शाळांत सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले, त्यामागे हाच विचार होता. प्रगतिपुस्तकातून क्रमांक गेला, श्रेणी आली, आणि तिच्यासोबत शिक्षकाने मुलाविषयी काही वाक्ये लिहावीत असे ठरले. या वाक्यांस वर्णनात्मक नोंदी म्हणतात. योजना उत्तम, परंतु आपल्या घरातील प्रगतिपुस्तक उघडून पाहा. ‘अभ्यासात प्रगती आहे’, ‘उपक्रमात सहभागी होतो’, ‘आणखी सराव आवश्यक’ अशी वाक्ये आपणांस दिसतील, आणि तीच शेजारच्या घरातील पुस्तकातही दिसतील. सर्वांना लागू पडणारे वाक्य कोणाविषयीच काही सांगत नाही. यात सारा दोष शिक्षकांचा आहे असे मात्र नव्हे. निवडणुकीची कामे, माहितीचे तक्ते, निरनिराळ्या पाहण्या यांतून त्यांना सवड काढावी लागते, आणि एप्रिलच्या अखेरीस शेकडो नोंदी दोन दिवसांत लिहावयाच्या म्हटल्या, म्हणजे त्या साच्यातूनच निघणार.

या प्रश्नाला अलीकडे एक कडक धार आली आहे, तीही सांगितली पाहिजे. २०१० च्या कायद्याने आठवीपर्यंत कोणत्याही मुलास त्याच वर्गात मागे ठेवण्यास मनाई केली होती. त्याविरुद्ध तक्रार अशी झाली, की मुले वाचता-लिहिता न येताच वरच्या वर्गात ढकलली जातात. या तक्रारीत तथ्य होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. २०१९ साली कायद्यात दुरुस्ती होऊन पाचवी व आठवीच्या अखेरीस परीक्षा घेण्याची आणि अनुत्तीर्ण मुलास दोन महिन्यांच्या आत पुन्हा संधी देऊन, त्यातही तो उतरला नाही तर त्याच वर्गात ठेवण्याची मुभा सरकारांना मिळाली. महाराष्ट्राने २०२३ साली तसा नियम केला. म्हणजे दहा-अकरा वर्षांच्या मुलापुढे ‘नापास’ हा शब्द पुन्हा येऊन उभा राहिला आहे.

आता विचार करा. पाचवीच्या अखेरीस ज्या मुलाला परिच्छेद वाचता येत नाही, त्याचे अडणे त्या एप्रिलमध्ये सुरू झालेले नसते. दुसरीत जोडाक्षरे आली तेव्हा तो अडखळला. तिसरीत इतरांचे पाहून फळ्यावरचे उतरवून घेऊ लागला. चौथीत मागच्या बाकावर गप्प बसावयास शिकला. तीन वर्षे त्याच्याविषयी ‘प्रगती आहे’ असे लिहिले गेले आणि चौथ्या वर्षी निकालाने एकाएकी निराळेच सांगितले. ज्या जुलैमध्ये तो अडखळला, त्याच जुलैमध्ये कोणी त्याच्याविषयी एक खरे वाक्य लिहिले असते, आणि त्याच्या घरी ते कळविले असते, तर महिनाभर रोज दहा मिनिटे त्याला मांडीशी घेऊन वाचून घेण्याने काम भागले असते. म्हणून मी म्हणतो, की वर्षअखेरच्या वृत्तांतात प्रत्येक मुलाचे खरे वृत्त यावे. तसे ते यावयाचे असेल, तर ते वर्षभर कोणाला तरी पाहावे लागेल, आणि खरा लाभ त्या पाहण्यातच आहे.

हे व्यवहारात जमण्यासारखे आहे काय? थोडा हिशेब करू. कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या वर्गांत तीस मुलांमागे एक शिक्षक असावा असे प्रमाण आहे. एका मुलाविषयी एक वाक्य धरले, तर एका वर्गाची तीस वाक्ये झाली. एकेक वाक्य वाचावयास पंधरा सेकंद लागतात असे मानले, तर सारा वर्ग साडेसात मिनिटांत आटोपतो. पाहुण्यांच्या स्वागताला याहून अधिक वेळ जातो! मात्र हे वाक्य त्या एका मुलाचेच असले पाहिजे. ‘जूनमध्ये जोडाक्षराशी थांबणारा हा मुलगा आता धाकट्या बहिणीला गोष्ट वाचून दाखवितो.’ ‘परिपाठात बातम्या वाचण्याचे काम हिने सहा महिने न चुकता केले.’ ‘याने शाळेच्या परसबागेतील दोडक्याच्या वेलाला मांडव घातला आणि त्याची लांबी दर सोमवारी मोजून लिहून ठेवली.’ अशी वाक्ये एप्रिलमध्ये आठवून लिहिता येत नाहीत. परंतु शिक्षकाने एक वही ठेवून दररोज दोन मुलांविषयी दोन ओळी टिपल्या, तर महिन्याभरात सारा वर्ग त्याच्या नजरेखालून जातो.

मुलांच्या उपक्रमांतही असे वृत्त भरपूर सापडते. आपणच ते वेचून घेत नाही. आनंद बाजाराचेच उदाहरण घ्या. पुष्कळ शाळांत वर्षातून एक दिवस मुले शाळेच्या आवारात दुकाने थाटतात. कोणी घरच्या मेथीच्या जुड्या आणतो, कोणी भेळ करतो, कोणी लिंबाचे सरबत विकतो. अहवालात ‘आनंद बाजार उत्साहात पार पडला’ एवढेच येते. परंतु त्या दिवशी एखाद्या मुलीने लिंबे, साखर व पेले यांचा खर्च मांडून एका पेल्यास काय पडले हे काढलेले असते. दुपारी ऊन वाढल्यावर खप वाढतो हे तिने पाहिलेले असते. शेवटी उरलेले सरबत कमी किमतीत द्यावे की घरी न्यावे, याचा निर्णय तिने स्वतः घेतलेला असतो. वर्गातील नफा-तोट्याच्या उदाहरणांत तिचे गुण कदाचित बेताचेच असतील. तरी नफा म्हणजे काय, हे तिला कळले आहे. आणि ही बातमी तिच्या आईवडिलांपर्यंत पोहोचावयास हवी.

स्नेहसंमेलनाचेही तसेच. चित्रपटातील गाण्यावर बसविलेला नाच पाहण्यास गोड वाटतो; पण त्यात मुलांचे स्वतःचे किती असते? भाड्याचा पोशाख, बाहेरून आणलेला शिकविणारा आणि समोर छायाचित्रे घेणारे पालक. याउलट वाचनमालेतील एखादी गोष्ट मुलांनी आपल्या शब्दांत नाटकाच्या रूपाने मांडली, पडदे स्वतः रंगविले, तर बोलावयास भिणाऱ्या मुलालाही झाड होण्याचे किंवा पडदा ओढण्याचे काम मिळते, आणि ते काम त्याच्यावाचून अडते. हस्तलिखिताचा मार्ग तर त्याहूनही सोपा आहे. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते. तेथील छात्रालयातील मुलांसाठी ते स्वतःच्या हाताने लिहून दैनिक काढीत. एका शिक्षकाला एकट्याने रोज जे जमले, ते एका वर्गाला मिळून वर्षातून एकदा जमू नये काय? चाळीस पानांच्या हस्तलिखितात प्रत्येक मुलाचे एक पान सहज मावते. ज्याला लिहिता येत नाही त्याचे चित्र असावे. ज्याला चित्रही येत नाही त्याने आजीकडून ऐकलेला एखादा उखाणा सांगावा आणि मित्राने तो लिहून घ्यावा. एकही नाव गळता कामा नये, एवढाच नियम.

यात आणखी काही मुलांची नावे मुद्दाम आठवून घालावी लागतील. बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोडीसाठी जाणाऱ्या कुटुंबांची मुले दिवाळीच्या सुमारास आईबापांबरोबर निघतात आणि कारखान्यांचा हंगाम संपल्यावर, म्हणजे शाळेचे वर्ष सरता सरता, परत येतात. संमेलनाच्या दिवशी ती फडावर असतात. काही मुलांची सोय हंगामी वसतिगृहांत होते, सर्वांची होत नाही. शहरांतही इमारतींच्या बांधकामावरील मुले वर्षाच्या मध्येच येतात आणि मध्येच जातात. अशा मुलाविषयी ‘हजेरी अपुरी’ याखेरीज शाळेने आणखी एक वाक्य लिहिले, तर परत आल्यावर वर्गात आपली जागा आहे असे त्याला वाटेल.

श्रोतेहो, आता थोडे आपल्या घराकडे वळू. प्रगतिपुस्तक हाती आले, की आपण प्रथम काय विचारतो? क्रमांक छापणे बंद होऊन इतकी वर्षे लोटली, तरी ‘वर्गात सर्वांत जास्त कोणाला?’ हा प्रश्न आपल्या ओठांवर येतोच. त्याऐवजी यंदा दोन प्रश्न विचारून पाहावेत. गेल्या जूनमध्ये जे येत नव्हते आणि आता येते, असे काय आहे? आणि अजून काय अवघड वाटते? आपल्या शिकण्याविषयी मुलाने स्वतः बोलावे, ही कल्पना २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही मान्य केली आहे. मुलाने आणि त्याच्या सोबत्यांनी केलेले मूल्यमापन प्रगतिपत्रकात यावे, असे त्यात सुचविले आहे. परंतु त्यासाठी कोणत्याही धोरणाची वाट पाहण्याचे कारण नाही. जेवणाच्या पानावर बसल्या बसल्या हे संभाषण होऊ शकते. तसेच वर्षाच्या वह्या लगेच रद्दीत घालू नयेत. जूनमधील पहिले पान आणि एप्रिलमधील शेवटचे पान मुलापुढे शेजारी शेजारी ठेवावे. आपण किती वाट चाललो, हे त्याला स्वतःच्या अक्षरात दिसते, आणि त्या पुराव्यापुढे शेजारच्या मुलाचे गुण फिके पडतात.

दुसरी गोष्ट शाळेपाशी करावयाची. कायद्याने शाळांत व्यवस्थापन समिती नेमलेली असते. विनाअनुदानित शाळा वगळता इतरत्र तिच्या सभासदांपैकी तीन-चतुर्थांश पालक असावेत आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असा नियम आहे. या समितीत आपण जात असाल, किंवा कोणी ओळखीचे जात असेल, तर पुढील वर्षाच्या आरंभीच एवढी सूचना मांडावी: वार्षिक वृत्तांतात प्रत्येक मुलाचे नाव आणि त्याच्याविषयीचे एक खरे वाक्य यावे. देणगीदारांची नावे खुशाल असू द्यावीत; बक्षिसेही असू द्यावीत. मात्र शिक्षकांना त्यासाठी सवड मिळावी म्हणून दुसरी कोणती कामे कमी करता येतील, हेही त्याच बैठकीत पाहावे, म्हणजे सूचनेचे ओझे होणार नाही.

शेवटी चौथीच्या मुलांविषयी एक शब्द. आपल्याकडील अनेक प्राथमिक शाळा चौथीपर्यंतच असतात. या मुलांना पुढील वर्षी दुसरी शाळा, नवे शिक्षक आणि बहुधा मोठी इमारत भेटावयाची असते. निरोपाच्या दिवशी त्यांना पेढा मिळतो, एखादी भेटवस्तू मिळते. त्यासोबत त्यांच्या शिक्षकांनी स्वतःच्या हाताने लिहिलेली चार ओळींची चिठ्ठी त्यांच्या दप्तरात गेली, तर नव्या शाळेतील शिक्षकांना त्या मुलाची ओळख नव्याने शोधीत बसावे लागणार नाही; आणि मुलालाही, आपल्याला चार वर्षे कोणीतरी लक्षपूर्वक पाहत होते, हे कळेल. या सुट्टीनंतर शाळा उघडतील, तेव्हा ती नोंदींची वही पहिल्याच दिवशी सुरू व्हावी, एवढी विनंती आहे.